बडोद्यातील व्हेंडिंग मशीनच्या फेरीसाठी ईको कार्गो : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्याकडे बडोद्यात एकूण सतरा व्हेंडिंग मशीन आहेत. त्यांपैकी दहा चहा-कॉफीची असून उरलेल्या सातांमध्ये वेफर्स, बिस्किटे, चॉकलेटे आणि पाण्याच्या बाटल्या असतात. मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील कारखाने, फतेगंजकडील दोन वसतिगृहे, अलकापुरीतील काही कार्यालये, एक इस्पितळ आणि वाघोडिया रस्त्यावरील एक महाविद्यालय अशी ती गावभर विखुरलेली आहेत. गोडाउन मात्र दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावरच आहे. माझे धाकटे दीर गाडी चालवतात, मी माल भरते आणि हिशेब पाहते. रोजची फेरी साधारण पंचावन्न किलोमीटरची होते. या कामासाठी गेले दीड वर्ष आम्ही मारुती सुझुकीची ईको कार्गो ही बंद मालवाहू व्हॅन वापरत आहोत. निवड करताना ज्या गोष्टी आम्हाला कोणी सांगितल्या नाहीत, त्या येथे लिहीत आहे.

पहिली चूक बहुतेक जण करतात आणि आम्हीही ती करणारच होतो. वाहन पाहायला जाताना आपल्या डोळ्यांसमोर मशीन असते. खाद्यपदार्थांचे मोठे मशीन जवळजवळ सहा फूट उंच आणि अडीचशे-तीनशे किलो वजनाचे असते, त्यामुळे ते ज्यात उभे मावेल असेच वाहन हवे असे मन म्हणू लागते. परंतु आमच्या वहीप्रमाणे गेल्या वर्षभरात मशीन हलवण्याचा प्रसंग फक्त पाच वेळा आला, आणि माल भरण्याच्या फेऱ्या जवळजवळ तीनशे झाल्या. म्हणून मशीनसाठी वाहन भाड्याने आणावे आणि रोजच्या क्रेटसाठी वाहन विकत घ्यावे, असे आम्ही ठरवले. ईको कार्गोत मशीन उभे मावत नाही, ते आडवे घालूनही नेऊ नये. थंड पेयांच्या मशीनमध्ये कॉम्प्रेसर असतो. मशीन आडवे केले की त्यातील तेल नळ्यांमध्ये शिरते, आणि नंतर उभे करून ते तेल परत खाली बसण्याइतका वेळ न देता चालू केले तर कॉम्प्रेसर बिघडण्याचा धोका असतो. त्यामुळे त्या पाच वेळा आम्ही टाटा एसच बोलावली, जिला २००५ पासून सारा देश छोटा हाथी म्हणून ओळखतो. सोबत दोन हमालही सांगितले.

शोरूममध्ये आम्ही एक रिकामे प्लास्टिकचे क्रेट आणि शिवणकामाची टेप घेऊन गेलो होतो. विक्रेत्या मुलाला आधी हसू आले, पण नंतर त्यानेच क्रेट उचलून आत ठेवायला मदत केली. साठ बाय चाळीस सेंटीमीटरचे आमचे क्रेट दोन थरांत रचले तर आत चौदा बसतात. मागच्या चाकांवरील उंचवटा नसता तर आणखी दोन बसले असते. बाहेरून गाडीची लांबी ३,६७५ आणि रुंदी १,४७५ मिलिमीटर आहे. ही रुंदी कागदावर किरकोळ वाटते, पण मांडवीच्या आसपास दोन्ही बाजूंना दुचाक्या लागलेल्या असताना तिचे मोल कळते.

वजनाचा हिशेब मात्र ऋतूप्रमाणे बदलतो आणि तो आधी करून ठेवलेला बरा. अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्यांच्या खोक्यात बारा किलो तर नुसते पाणीच असते. वेफर्सचे तेवढ्याच आकाराचे खोके अडीच-तीन किलोंच्या पुढे जात नाही. हिवाळ्यात गाडी जागेने भरते आणि वजन निम्म्यावर राहते. उन्हाळ्यात मात्र पाण्याची वीस खोकी, चहाच्या मशीनसाठी वीस लिटरचे चार जार आणि प्रिमिक्सची, म्हणजे दुधाची पावडर मिसळलेल्या चहा-कॉफीच्या तयार मिश्रणाची, पाकिटे चढवली की वजन साडेतीनशे किलोंच्या पुढे जाते, आणि जागा अजून शिल्लकच दिसते. ती शिल्लक जागा पाहून मोह होतो. तो आवरण्यासाठी नोंदणीपत्रावरील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन आणि दोन माणसांचे वजन वजा करून आलेला आकडा आम्ही दाराच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवला आहे.

आता दारांविषयी, कारण माझ्या मते या गाडीचा खरा गुण तिच्या दारांत आहे. दोन्ही बाजूंची दारे सरकती आहेत आणि मागचे दार वर उचलले जाते. आम्ही रात्रीच प्रत्येक मशीनसाठी वेगळे क्रेट भरून त्यावर मशीनचा क्रमांक लावतो. शेवटच्या मशीनचे क्रेट सर्वांत आधी आत जाते आणि पहिल्या मशीनचे दाराशी राहते. एकच मागचे दार असलेल्या वाहनात हा क्रम एकदा चुकला की अर्धी गाडी रस्त्यावर रिकामी करावी लागते. येथे मधल्या ठिकाणाहून फोन आला की बाजूचे दार सरकवून हवे ते क्रेट काढता येते. इस्पितळाच्या तळघरात तुळई इतकी खाली आहे की मागचे दार पुरते उघडल्यास ते तिला घासते. तेथेही बाजूच्या दारानेच काम होते. पावसात मात्र हेच वर गेलेले दार छपराचे काम करते. जुलैच्या एका सकाळी मकरपुऱ्यात दिरांनी त्याखाली उभे राहून सगळा माल उतरवला आणि मला म्हणाले, "वहिनी, निदान दुधाची पावडर तरी कोरडी राहिली."

दुधाच्या पावडरीचा उल्लेख मी मुद्दाम केला. प्रिमिक्सला दमट हवा लागली की त्याचे खडे होतात, ते मशीनच्या डब्यात अडकतात, आणि मग चहाऐवजी कोमट पाणी आल्याची तक्रार घेऊन कारखान्याचा फोन येतो. त्यामुळे उघड्या हौद्याचे वाहन घेऊन त्यावर ताडपत्री बांधण्याचा पर्याय आम्ही लगेच बाद केला. त्याच किमतीच्या आसपास मिळणाऱ्या मारुती सुपर कॅरीचाही विचार आम्ही केला होता. तिचा हौदा प्रशस्त आहे आणि ज्यांचा माल पावसाला घाबरत नाही त्यांच्यासाठी ती अधिक उपयोगी ठरेल. पण तिच्यावर किंवा छोटा हाथीवर बंद पेटी बसवून घेतली की उंची वाढते, आणि मग आमच्या दोन ग्राहकांच्या तळघरात ती शिरत नाही. ईको कार्गोची उंची १,८२५ मिलिमीटर आहे.

विजेवर चालणारी तीनचाकी आम्ही दोन आठवडे भाड्याने चालवून पाहिली. तिचा मेक येथे लिहीत नाही. दांडिया बाजार ते अलकापुरी एवढ्या फेरीसाठी तिच्यात काही उणे नव्हते, आणि इंधनाचा खर्च पाहून दीर तर तिच्यावर खूषच होते. परंतु भरल्या गाडीने वाघोडिया रस्त्याला जाऊन यायचे, वाटेत तळघराचा उतार चढायचा आणि संध्याकाळी एखादे मशीन बंद पडल्याचा फोन आला तर पुन्हा निघायचे, या क्रमात चार्जिंगची धास्ती मनातून गेली नाही. शिवाय आमच्या गल्लीत गाडी घरापासून दूर लावावी लागते, तेथे रात्री वायर नेणार कशी? चारचाकीत टाटा एस ईव्ही २०२२ पासून मिळते. तिच्यात २१.३ किलोवॉट-तासांची बॅटरी आहे, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर आणि भारक्षमता ६०० किलो सांगितली जाते. आमच्या पंचावन्न किलोमीटरसाठी एवढे पुष्कळ झाले. आमची अडचण पल्ल्याची नव्हती, ती किमतीची आणि चार्जिंगच्या जागेची होती. ज्यांच्याकडे स्वतःच्या मालकीचे आवार आहे त्यांनी तिच्याकडे जरूर पाहावे.

आम्ही सीएनजीची गाडी घेतली. बडोद्यात पंप थोड्या-थोड्या अंतरावर आहेत आणि रोजच्या खर्चात फरक दिसतो, पण सिलिंडरचे वजन मालाच्या वाट्यातून जाते हे विसरू नये. सुपर कॅरीचेच उदाहरण घेतले तर पेट्रोलवर ७४० किलो आणि सीएनजीवर ६२५ किलो अशी तिची भारक्षमता आहे. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, तीही खर्चात धरावी.

उन्हाळा ही या गाडीची नव्हे, तर कोणत्याही बंद पत्र्याच्या गाडीची परीक्षा आहे. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते, आणि मे महिन्यात बडोद्याचे तापमान चाळिशीच्या वर असते. उन्हात उभ्या गाडीच्या आत तर ते आणखी वाढते. पहिल्या मे महिन्यात चॉकलेटांचे एक अख्खे खोके आम्ही असेच घालवले. पाकिटे वरून धड दिसत होती, पण मशीनच्या स्प्रिंगमध्ये घालताना बोटांना ती चिखलासारखी लागली. आता जेलच्या थंड पिशव्या घातलेली एक आइसबॉक्स चालकाच्या मागे कायम असते आणि चॉकलेटांची ठिकाणे सकाळी दहाच्या आत आटोपली जातात. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्यामुळे आइसबॉक्स पुढे पायाशी ठेवण्याचा विचार करू नये.

कागदपत्रांबाबत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पाच आसनांची ईको घेऊन मागचे आसन काढून माल वाहणारे पुष्कळ लोक दिसतात. तसे केल्यास गाडी खासगी राहते, तिच्यावर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या करातून तेवढी वजावट, मिळत नाही, आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात आडकाठी येते. कार्गो ही मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर नोंदली जाते, तिचे क्रेडिट मिळते, आणि एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असल्यामुळे तिला मोटार वाहन कायद्याखाली वेगळे परमिट लागत नाही. दिरांच्या साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ती चालेल का, अशी शंका आम्हाला होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ७,५०० किलोंपर्यंतच्या मालवाहू वाहनांना ते लायसन पुरते असे स्पष्ट केल्यामुळे ती मिटली. आम्ही गाडी घेतली तेव्हा जीएसटी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. क्रेडिट मिळाले असले तरी त्या दिवशी थोडी हळहळ वाटलीच.

विम्याविषयी बोलताना पुराचा उल्लेख टाळता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमची आधीची जुनी व्हॅन अकोट्याजवळ उभी होती. पाणी ओसरल्यावर कोणीतरी घाईने चावी फिरवली, इंजिनात शिरलेल्या पाण्याने व्हायचे ते झाले, आणि विमा कंपनीने इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसल्याचे कारण देऊन तो खर्च नाकारला. नव्या गाडीला आम्ही ते संरक्षण घेतले आहे. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यासारख्या रस्त्यात, पाणी दिसले की दीर गाडी न घालता पुलावरून वळसा घेतात. वीस मिनिटे जातात, जाऊ देत.

गाडी घेतल्यावर आम्ही चार-पाच हजारांत तीन कामे करून घेतली. चालकामागे लोखंडी जाळी बसवली, कारण ब्रेक लागल्यावर पाण्याची खोकी पुढे सरकतात. जमिनीवर रबरी चटई घातली. आणि चालकाच्या आसनामागे जमिनीला बोल्टने घट्ट केलेली छोटी पेटी ठेवली, जिच्यात मशीनमधून काढलेली नाणी-नोटा आणि मोटर, स्प्रिंग, फ्यूज असे सुटे भाग राहतात. बहुतेक ग्राहक आता क्यूआर कोडने पैसे देत असल्यामुळे पेटीत नाण्यांपेक्षा सुटे भागच जास्त असतात.

माझ्या उंचीच्या बाईला मागच्या दारातून वीस लिटरचा जार उचलून आत ठेवणे जमते, हे मी या गाडीच्या बाजूने सर्वांत ठळकपणे नोंदवीन. छोटा हाथीच्या हौद्यात तोच जार चढवताना मला तो छातीपर्यंत उचलावा लागला होता. गाडी पाहायला जाताना मालाने भरलेले एक खोके सोबत न्यावे, आणि जो माणूस रोज ते उचलणार आहे त्यालाच ते आत ठेवायला सांगावे. मशीनची संख्या पंचविसाच्या पुढे गेली तर आम्हाला दुसरे वाहन लागेल. तेव्हा वाघोडिया आणि मकरपुऱ्याची जड फेरी वेगळी काढून तिच्यासाठी विजेवरची चारचाकी घ्यावी, असा आमचा विचार आहे, आणि त्यासाठी मीटर असलेले एक आवार दीर आतापासूनच शोधत आहेत.