रेकॉर्डिंगसाठी एकच बेस: पी-जे घ्यावा की जॅझ?

घरच्या स्टुडिओत एकच बेस गिटार ठेवायचा असेल, तर निवड बहुतेक वेळा दोघांवर येऊन थांबते. एक म्हणजे पी-जे: फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसची (पी) घडण, पण ब्रिजजवळ, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात तिथे, जॅझचा (जे) एक पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) वाढवलेला. दुसरा सरळ फेंडरचा जॅझ बेस. 1976 साली आलेल्या म्युझिक मॅन स्टिंगरेचं नावही कुणीतरी काढतंच. वाद्य झकास आहे, पण कसाही वाजवला तरी तो स्टिंगरेसारखाच वाजतो. शिवाय आतला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि ती उतरली की टेकच्या मध्येच सूर फाटायला लागतो. पहिला आणि एकुलता एक बेस म्हणून तो नको.

घरघरीचा प्रश्न आधी

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी साधारण 49 हर्ट्झवर वाजतो. म्हणजे सिंगल कॉइल (तारेचं एकच वेटोळं असलेल्या) पिकअपमध्ये विजेमुळे येणारी घरघर नेमकी बेसच्याच पट्ट्यात येऊन बसते. लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावून ती काढायला गेलात, तर सुराचा पायाही उखडतो. गिटारवाल्यांना हा त्रास इतका जाचत नाही.

प्रिसिजनचा पिकअप 1957 पासून दोन तुकड्यांत येतो. दोन्ही तुकडे एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असल्याने तो कायम शांत असतो. जॅझमध्ये दोन सिंगल कॉइल असतात, त्याही परस्परविरुद्ध. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असेपर्यंत घरघर कटते. एक जरासा कमी केला की परत येते. आणि जॅझ घ्यायचा तो एकट्या ब्रिज पिकअपच्या त्या नाकातल्या, बोलक्या आवाजासाठी! बेसवादक जॅको पास्टोरियसमुळे जगाला माहीत झालेला तो आवाज घरात शांतपणे रेकॉर्ड करणं म्हणूनच अवघड जातं.

पी-जे शांत असेल असं समजून घेणारे मात्र फसतात. त्यातला पी पिकअप शांत असतो, पण जे पिकअप सिंगल कॉइल असेल तर त्याची घरघर कापायला जोडीदारच नसतो. जे थोडा जरी मिसळला, तरी ती ऐकू येते. आत तांब्याची पट्टी चिकटवली की काम होईल, हाही गैरसमज. पट्टीने पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची आणि एलईडीची चरचर कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी 50 हर्ट्झची घरघर तशीच राहते. तिच्यावर इलाज एकच: स्प्लिट किंवा स्टॅक प्रकारचा, जॅझच्याच मापाचा हम-विरहित पिकअप.

खर्चाचं गणित इथे बदलतं. पी-जेमध्ये एकच पिकअप बदलावा लागतो. जॅझमध्ये दोन्ही. एकच बदलला तर दोन्ही उघडे असतानाची उरलीसुरली शांतताही जाते. विकत घेण्याआधी मोजपट्टी लावा: ब्रिजचा जे साधारण 94–95 मिलिमीटर, नेककडचा 91–92. काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच मापाचे असतात, मग नवा पिकअप खाचेत बसत नाही.

पी-जेचं वायरिंग

बाजारातल्या बऱ्याच पी-जेमध्ये दोन व्हॉल्यूम, एक टोन असतो. यातली गोम अशी, की जेचा व्हॉल्यूम शून्यावर असला तरी त्या 250 किलोओहम पॉटचा (बटणाखालच्या बदलत्या रेझिस्टरचा) भार आउटपुटवर राहतोच. म्हणजे एकट्या पीला 250 ऐवजी 125 किलोओहम दिसतात आणि वरची धार बोथट होते. ‘पी-जेमधला पी खऱ्या प्रिसिजनसारखा वाजत नाही’ या तक्रारीचं मोठं कारण हेच.

आमचा कौल: दोन व्हॉल्यूमऐवजी एक व्हॉल्यूम, एक थ्री-वे स्विच (पी, दोन्ही किंवा जे), एक टोन. दोन 250 किलोओहमचे ऑडिओ टेपर पॉट, 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, स्विच आणि चांगला जॅक, एवढंच सामान. अधलंमधलं मिश्रण हातचं जातं, पण रेकॉर्डिंगमध्ये फायदा असा की महिन्याने पंच-इन करतानाही (जुन्या टेकचा तुकडाच नव्याने वाजवतानाही) तोच आवाज हमखास मिळतो.

अडचणी ठरलेल्या असतात. सीटीएस कंपनीच्या पॉटला 9.5 मिलिमीटरचं भोक लागतं, स्वस्त बेसमधली भोकं त्याहून लहान असतात. ड्रिल लावू नका, पॉलिशचे टवके उडतात. हाताचा रीमर (भोक हळूहळू रुंद करणारं हत्यार) वापरा. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर पाठ सँडपेपरने घासा आणि 40–60 वॉटचं सोल्डरिंग आयर्न थोडाच वेळ टेकवा. कमी वॉटचं आयर्न फार वेळ धरून ठेवलं की आतला ट्रॅक भाजतो. जोडणी झाल्यावर दोन्ही पिकअप एकत्र वाजवून आवाज पोकळ, पातळ आला, तर फेज उलटली आहे. जेच्या दोन वायरींची अदलाबदल करा. ब्रिजखालची अर्थची वायर सुटलेली नाही, हे मल्टिमीटरने पाहून मगच प्लेट बंद करा.

जॅझमध्ये काय करता येतं

टोनच्या जागी पुश-पुल पॉट बसवून दोन्ही पिकअप सिरीजमध्ये (एकामागोमाग एक जोडून) घेता येतात. आवाज मोठा होतो, मधला पट्टा भरतो, वरची चकाकी कमी होते आणि घरघरही कटलेलीच राहते. हा आवाज प्रिसिजनच्या जवळ जातो, पण प्रिसिजन होत नाही, कारण तारेचा आवाज दोन वेगवेगळ्या जागांवरून उचलला जातो. सिरीजमध्ये एकच व्हॉल्यूम काम करतो; वायरिंग बिघडलं असं समजू नका.

नेकचा फरक मात्र कुठल्याच बदलाने जात नाही. जॅझचा नट (डोक्याकडची तारा टेकवणारी पट्टी) 38 मिलिमीटर रुंद, प्रिसिजनचा 41 ते 44. काही पी-जेवर जॅझचाच नेक येतो. लहान हाताच्या वादकाने आधी तेच पाहावं.

तारा आणि टेक

तारांचा खर्च पिकअपपेक्षा कमी आणि फरक जास्त. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बेसवादक जेम्स जेमरसनचा आवाज म्हणजे प्रिसिजन आणि फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा. पी-जेवर फ्लॅटवाउंड आणि ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी ठेवली, की सूर लवकर विझतो आणि डग्ग्याच्या घुमाऱ्यात मिसळून गढूळ होत नाही. जॅझवर निकेलच्या 45–100 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) राउंडवाउंड, म्हणजे गोल वेढ्यांच्या, तारा शोभतात. फ्लॅटचा ताण सहसा जास्त असतो, त्यामुळे तारा बदलल्यावर दोन-तीन दिवसांनी नेकचा बाक पुन्हा तपासा. तार दोन्ही टोकांना दाबल्यावर आठव्या फ्रेटपाशी 0.3 मिलिमीटर फट पुरे. ट्रस रॉड (नेकमधला बाक बदलणारा दांडा) एका वेळी पाव फेराच फिरवा. कोकण-मुंबईत पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ही तपासणी करावीच लागते.

इंटरफेसवर (बेस कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर) ‘इन्स्ट’ किंवा हाय-झी बटण दाबलेलं हवं, म्हणजे इनपुट 1 मेगाओहमच्या आसपास राहतो. पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस लाइन इनपुटला लावून ‘पिकअप मेलेत’ म्हणणारे कमी नाहीत. 24 बिट, सर्वांत मोठा सूर उणे 10 ते 12 डीबीवर. टेक घेताना पंखा पूर्ण बंद.

जुना बेस घेत असाल तर खिशात मल्टिमीटर आणि एक केबल ठेवा. व्हॉल्यूम पूर्ण उघडून केबलच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजा. पॅसिव्ह बेसवर एकटा पी साधारण 10, एकटा जे 7 किलोओहमच्या आसपास दाखवतो, दोन्ही जे मिळून त्याच्या निम्मा. आकडा 100 च्या पुढे गेला तर कॉइल तुटलेली आहे. किंमत पाडा किंवा सोडून द्या.