रोटेटर घ्यायचाय, पण एक मोटर का दोन?

मागच्या महिन्यात खानापूरहून एका नव्या व्हीयू३ वाल्याचा, म्हणजे नवशिक्या हौशी रेडिओवाल्याचा फोन आला, दादा रोटेटरला (सॅटेलाइटच्या मागं अँटेना फिरवणारं यंत्र) पैसे जमवलेत, याएसू कंपनीचा दोन मोटरवाला जी-५५०० घेऊ का सॅटनॉग्सच्या खुल्या डिझाइनवरनं प्रिंट करून घेऊ. मी म्हटलं कुठल्या सॅटेलाइटवरनं रेडिओ करायचाय ते सांग आधी, तर गडी गप्पच. सगळं तिथंच अडकलेलं असतंय खरं, म्हणून फोनवर बोललो तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

एक मोटर अँटेना नुसती गोल फिरवते, दुसरी तिला वर-खाली करते, त्याला एलेव्हेशन म्हणतात. आधी हिशेब बघा. आयएसएस, म्हणजे अवकाश स्थानक, डोक्यावर असतंय तेव्हा आपल्यापासून सव्वाचारशे किलोमीटरवर, आणि उगवताना मावळताना तेच साधारण २३०० किलोमीटर लांब, म्हणजे खाली असताना सिग्नल जवळजवळ १५ डीबी (तीसेक पट) कमी. अँटेनाचा गेन, म्हणजे एका दिशेला जादा ऐकायची ताकद, लागतो तो खाली, डोक्यावर आल्यावर वाकड्या तोंडाची यागीसुद्धा (जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी दांड्यांची) ऐकते. त्यात पासचा, म्हणजे उगवण्यापासून मावळेपर्यंतच्या एका फेरीचा, बराचसा वेळ सॅटेलाइट ३० अंशांच्या खालीच रेंगाळत असतंय. म्हणून यागी १५-२० अंश वर उचलून बोल्ट कायमचे टाइट करायचे आणि नुसती गोल फिरवायची, ही लई जुनी युक्ती आहे आणि ती चालते. छोट्या यागीचा बीम, म्हणजे तिला ऐकू येतो तो पट्टा, चाळीसेक अंश रुंद असतोय, मग दोन-चार अंश चुकले तर कुणाला कळतंय? अगदी डोक्यावरून जाणाऱ्या पासात मधली एक-दोन मिनिटं आवाज जरा पडेल, तेवढंच.

बेळगावातून तर हे अजून सोपं. आयओ-८६ घ्या, २०१५ ला आपल्या पीएसएलव्हीनंच सोडलेलं इंडोनेशियाचं सॅटेलाइट, विषुववृत्ताला धरून ६ अंशांच्या कक्षेत ६५० किलोमीटरवरनं फिरतंय. आपण पावणेसोळा अंश उत्तरेला, त्यामुळं ते कायम दक्षिणेच्या बाजूनंच पश्चिमेकडून पूर्वेला जातंय आणि जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत वर येतंय. त्यातला रिपीटर (आपला आवाज उचलून परत खाली पाठवणारा) चालू असेल त्या दिवशी त्याच्यासाठी एलेव्हेशनची मोटर म्हणजे लग्नात दोन बँडवाले बोलावल्यासारखं. उलट क्यूओ-१०० हे सॅटेलाइट पाहिजे असेल तर रोटेटरच नको, ते भूस्थिर आहे, नैऋत्य आणि पश्चिमेच्या मध्ये २५६ अंशांवर, ३२ अंश उंचीला, जुनी टीव्हीची डिश एकदा धरली की संपलं.

आता एक मोटर घ्यायची तर कुठली. विकतचा याएसूचा जी-४५० चांगला, दणकट. पण घरी करायला काय हरकत आहे? माझा सध्याचा गाडीच्या वायपर मोटरचा आहे, आत वर्म गिअर असतो त्यामुळं वाऱ्यानं यागी मागं फिरत नाही, आणि हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. कपलिंग उद्यमबागेत करून घेतलं. लेथवाले अण्णा पाइप हातात घेऊन दोनदा फिरवून बघितले, "डिशला काय रे हे?" मी म्हटलं तसंच धरा. "मग एवढं बारीक मोजून कशाला आणलास, अर्धा एमएम गॅप सोडतो, नाहीतर पावसात गंजून बसतंय बघ." बरोबर बोलले होते. बाकी यागी कुठं बघतेय ते कळायला एक पोटेन्शिओमीटर, एक आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), त्यात के३एनजी या रेडिओवाल्याचा फुकटचा कोड. सॅटेलाइटचा माग काढणाऱ्या जीप्रेडिक्ट सॉफ्टवेअरला वाटतंय समोर याएसूचाच कंट्रोलर आहे. फक्त यांत्रिक स्टॉप, म्हणजे रोटेटर जिथं अडून थांबतो ती जागा, दक्षिणेला ठेवू नका, नाहीतर आयओ-८६ च्या प्रत्येक पासात मध्येच उलटी पूर्ण फेरी मारत बसेल आणि एक मिनिट तिथंच गेलं.

दोन मोटर कुणी घ्यावी मग? ज्याला आरएस-४४ या सॅटेलाइटवर एसएसबी (रेडिओवर बोलायचा एक प्रकार) करायचंय, लांब यागी आहे, किंवा आपण नोकरीवर असताना घरी आपोआप टेलिमेट्री (सॅटेलाइट स्वतःबद्दल पाठवतंय ती माहिती) रेकॉर्ड व्हायला पाहिजे. आरएस-४४ हजार-बाराशे किलोमीटरच्याही वर असतंय, म्हणजे डोक्यावर असतानासुद्धा ते लांबच, तिथं अँटेना वर बघायलाच पाहिजे. अशाला जी-५५०० ला मी तरी तोड बघितली नाही. आडवा ४५० अंश फिरतोय, म्हणजे उत्तरेचा स्टॉप ओलांडून ९० अंश जादा, आणि उभा १८० अंश, त्यामुळं अवघड पासला अँटेना पाठीवर पाडून फ्लिप करून पण धरता येतंय. घ्यायचाच तर डीसीवाला घ्या, रेडिओच्याच १३.८ व्होल्टवर चालतोय, लाइट गेली तरी बॅटरीवर पास पुरा होतो, आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाइट कशी असते ते काय सांगायचं. बाकी किंमत कस्टम धरून जवळपास नव्या बाईकच्या भावात जाते, आणि कॉम्प्युटरचा इंटरफेस वेगळा, तो आर्डुइनोवर घरी केला तर पैसे वाचतात.

सॅटनॉग्सचा रोटेटर ओपन हार्डवेअर, २०१४ ला हॅकाडे प्राइझ जिंकलेल्या प्रोजेक्टमधला. स्टेपर मोटर, वर्म गिअर, अॅल्युमिनियम प्रोफाइल आणि प्रिंट केलेले भाग. हौशी माणसाला शिकायला एक नंबर, आणि खर्च निम्म्याच्याही खाली येऊ शकतोय. पण पीएलए या प्लॅस्टिकमध्ये प्रिंट करून गच्चीवर ठेवू नका, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतंय आणि एप्रिलच्या उन्हात काळ्या पेटीच्या आत तेवढं सहज होतंय. पीईटीजी किंवा एएसए वापरा. शिवाय स्टेपरला आपण कुठं होतो ते आठवत नाही, लाइट जाऊन आली की परत होमिंग, म्हणजे शून्याची जागा शोधणं. आणि लहान यागी सोडून दुसरं काही त्याच्यावर लादू नका. वानरं बूमवर येऊन बसतात ती गोष्ट वेगळी, त्याला कुठलाच रोटेटर पुरा पडत नाही.

मी पहिला घेतला होता तो सेकंडहँड दोन मोटरवालाच, म्हणून एवढं बोलतोय. घाईत प्लगला साधी काळी टेप गुंडाळून चढवला. ऑगस्टात एलेव्हेशनचा काटा नाचायला लागला, मग एके दिवशी यागी ९० अंशांवर जाऊन बसली ती खाली येईचना, आठ दिवस गच्चीवर देवाकडं हात जोडल्यासारखी उभी. पाऊस उघडल्यावर प्लग खोलला तर आत पिना हिरव्यागार आणि मुंग्यांनी घर केलेलं. मोटर ठणठणीत होती, बिघाड सगळा त्या दहा रुपयांच्या टेपचा. दोन मोटर म्हणजे सहा-सहा तारांच्या दोन केबली, दोन प्लग, दोन पोटेन्शिओमीटर, म्हणजे पाणी शिरायला दुप्पट जागा, हे विकत घेताना कुणी सांगत नाही. रबर टेप खाली, वर पीव्हीसी टेप, आणि केबलला खाली एक झोळ सोडायचा म्हणजे पाणी तिथनं टपकून जातंय.

खानापूरच्या भावानं सध्या आयएसएस आणि आयओ-८६ च करायचं ठरवलंय, म्हणजे एकच मोटर. रविवारी वायपर मोटर घेऊन येतोय, बोल्ट स्टेनलेसचेच आण म्हणून दोनदा बजावलंय.