म्युनिकला निघालात? पोरांना घेऊन आधी कुठं जेवाल

मे महिन्यात मी म्युनिकहून साताऱ्यात आले होते, तेव्हा पोवई नाक्याजवळच्या एका हॉटेलात आम्ही घरची दहा माणसं जेवायला बसलो. ऑर्डर द्यायच्या आधीच वेटरनं माझ्या दहा महिन्यांच्या भाचीला उचललं, गल्ल्यावरच्या काकांना दाखवून आणलं आणि परत देताना तिच्या मुठीत एक स्टीलचा चमचा होता. भावजय तिथंच म्हणाली, "ताई, म्युनिकला हिला असं कुणी घेईल का हो?" भाऊ ऑगस्टमध्ये नोकरीसाठी तिकडं निघालाय. बरोबर भावजय, ही भाची आणि साडेतीन वर्षांचा तिचा दादा.

कुणी घेणार नाही, मी म्हटलं, पण खुर्ची देतील. साताऱ्यात पोर सांभाळायला माणसं मिळतात, लहान मुलांची उंच खुर्ची बहुतेक ठिकाणी नसते, आणि डायपर बदलायचं तर गाडीची मागची सीट. तिकडं खुर्ची असते, बऱ्याच ठिकाणी टॉयलेटमध्ये डायपर बदलायला फळीही असते. पोराला मात्र तुमचं तुम्हीच बघायचं.

पहिल्याच रविवारी बरीच आपली मंडळी हौसेनं गास्टहाउसमध्ये जातात, म्हणजे जुन्या वळणाच्या बव्हेरियन खानावळीत. आम्हीही गेलो होतो. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. वेट्रेसनं विचारलं, पाणी? हो म्हटलं. बाटली आली, मुलानं घोट घेतला आणि रडायलाच लागला, "आई, पाणी चावतंय!" तिथं नुसतं 'पाणी' म्हटलं की सोड्याचं येतं. साधं हवं तर 'श्टिलेस वासर' म्हणायचं, आणि त्याचेही पैसे पडतात. टेबलावर आपणहून तांब्या-भांडं ठेवायची पद्धत नाही. जेवण यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि सगळ्यांचं एकदम येतं. ऑर्डर देतानाच मुलांचं आधी आणा म्हणून सांगितलं तर आणतात. आपल्याकडं न सांगता वरणभात पुढं येतो, तिथं सांगावं लागतं, इतकंच. दुपारी दोन-अडीचनंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत बंद, शिवाय आठवड्यातून एक दिवस 'रूएटाग', म्हणजे सुट्टी. तो दिवस आधी बघून घ्या. उपाशी पोराला घेऊन बंद दारासमोर उभं राहणं काय असतं ते आम्ही भोगलंय.

गास्टहाउसची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. मेन्यूत 'रॉयबरटेलर' शोधा. शब्दशः दरोडेखोराची ताटली. रिकामी ताटली आणि काटा-चमचा, बहुतेक वेळा फुकट. पोरानं आईबापाच्या ताटातलं लुटायचं. केजश्पेट्झ्ले मागवलंत, म्हणजे चीजमधल्या मऊ शेवया म्हणा, तर मोठ्यांच्या एका डिशमध्ये माझी दोन पोरं जेवून उठतात. वरचा तळलेला कांदा बाजूला द्यायला सांगा. शाकाहारी असाल तर बटाट्याच्या परतलेल्या भाजीवर आणि तपकिरी सॉसवर भरवसा ठेवू नका. एकात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, दुसरा बहुतेक वेळा मांसाच्याच रसाचा. डिशच्या नावापुढं बारीक अक्षरं दिसतील, ती अ‍ॅलर्जीची. युरोपात असे 14 घटक सांगणं बंधनकारक आहे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या पोराच्या आईला साताऱ्यात एवढी खात्री कुठलंच हॉटेल देणार नाही.

तरी माझं मत विचाराल तर पहिले दोन महिने बिअरगार्टन. नाव ऐकून सासूबाईंनी भुवया उंचावल्या होत्या, "पोरांना घेऊन गुत्त्यात?" गुत्ता नव्हे हो. चेस्टनटच्या झाडांखाली लांब लाकडी बाकं, आजीआजोबा, बाबागाड्या, खाली खडी. बऱ्याच मोठ्या बिअरगार्टनमध्ये घसरगुंडी असते, हिर्शगार्टनमध्ये तर कुंपणापलीकडं हरणं आहेत. आणि मुख्य म्हणजे, डबा घरून नेता येतो! 1812 साली बव्हेरियाच्या राजानं बिअर बनवणाऱ्यांना तिथं ती विकू दिली, पण पावाशिवाय खायला काही विकायचं नाही असं बजावलं, म्हणून लोक आपली शिदोरी आणू लागले. ती रीत अजून चालू आहे. पेय त्यांचं, जेवण आपलं. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात नेते. शेजारचे म्हातारे मुळ्याच्या चकत्यांना मीठ लावत बसलेले असतात, त्यांना आपल्या डब्याचं काही वाटत नाही. एवढंच लक्षात ठेवा की टेबलक्लॉथ घातलेलं टेबल म्हणजे वेटरची सेवा, तिथं डबा उघडायचा नाही.

तोटे आहेत. पाऊस आला की कार्यक्रम संपला. आणि बव्हेरियात 2010 पासून हॉटेलच्या आत सिगारेटला बंदी असली, तरी उघड्यावर ओढतात, तेव्हा वाऱ्याची दिशा बघून बसा.

इटालियन रेस्टोराँ हा मधला मार्ग. पास्ता नुसत्या लोण्यात द्या म्हटलं की देतात, आणि पोरानं ग्लास सांडला तर कपाळाला आठ्या पडत नाहीत. साताऱ्याच्या वेटरच्या जवळपास जाणारा माणूस मला तिथं भेटला तो इटालियनच.

आपल्या लोकांना वाटतं इंडियन रेस्टोराँ सगळ्यात सोपं. मी ते शेवटी ठेवते. बरीचशी दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळपर्यंत बंद असतात, घट्ट क्रीमची ग्रेव्ही पोरं खात नाहीत, आणि घरच्यासारखा साधा वरणभात तिथं सहसा मिळत नाही. आयकिया या फर्निचरच्या दुकानातलं रेस्टोराँ स्वस्त आणि सोयीचं, बाळाचं जेवण गरम करायला मायक्रोवेव्हसुद्धा, पण रविवारी दुकानांबरोबर तेही बंद. सोमवारी नवरा ऑफिसला गेलेला असताना ते उपयोगी पडतं.

पैसे देताना टीप धरून आकडा तोंडी सांगायचा, पाच ते दहा टक्के पुरे. रोख जवळ असू द्या.

भावजयीनं चार पुडांचा डबा सामानात घेतलाय. ऑगस्ट ते ऑक्टोबर तो रोज उघडेल. पुढं बाकं उचलली की इटालियन.