नगरसेवक की प्रशासक? दोन्ही कारभार पाहिलेल्या कोल्हापूरकरांसाठी

‘यापेक्षा प्रशासकच बरा होता की!’ हे वाक्य शहरातल्या कट्ट्यांवर वरचेवर ऐकू येतं. ते बोलणारी माणसं हुकूमशाहीची भक्त वगैरे नसतात. पाणी वेळेवर यावं, गटार तुंबू नये, घरफाळ्याच्या बिलातली चूक एका हेलपाट्यात दुरुस्त व्हावी, एवढंच त्यांचं मागणं. लोकशाही कामाची आहे का, हा प्रश्न दिल्लीपासून सुरू केला की नुसता वाद होतो. कोल्हापूरला तो घरच्या घरी पारखता येतो. १५ नोव्हेंबर २०२० ला महापालिकेतल्या ८१ नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली. पुढं पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकांच्या, म्हणजे शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिला आणि १५ जानेवारी २०२६ ला पुन्हा मतदान झालं. शहर तेच, कर्मचारी तेच; बदलला तो मंजुरी देणारा.

प्रशासकाचं पारडं कशानं जड होतं ते आधी प्रामाणिकपणे सांगतो. सभागृह असताना एखाद्या कामाचा प्रस्ताव खात्याकडून आयुक्तांकडे, तिथून १६ जणांच्या स्थायी समितीकडे आणि धोरणाचा विषय असेल तर महासभेकडे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेकडे जातो. वाटेत काय काय होतं हे पत्रकार गॅलरीत बसलेल्याला विचारा. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, शोकप्रस्ताव म्हणून तहकूब, मग उपसूचना, मग ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून भलतंच काहीतरी घुसवलेलं. एवढं करून झालेला ठराव कायद्याला धरून नसला, तर तो विखंडित म्हणजे रद्द करण्यासाठी शासनाकडे जातो. प्रशासकाच्या काळात हाच प्रवास एका टिपणीत आणि एका प्रशासकीय ठरावात आटोपतो. हातगाड्या हलवायच्या असल्या की कुणा नगरसेवकाचा फोन येत नाही. निवडणूक तोंडावर आहे म्हणून घरफाळा-पाणीपट्टीचा विषय कुणी बासनात बांधून ठेवत नाही. वर्षाला स्थायीचे निम्मे सदस्य निवृत्त होतात आणि त्या जागांसाठी जी ओढाताण चालते, तीही नाही. आणि महापौरपदाचं तर विचारूच नका. कायद्यानं अडीच वर्षांचं पद, पण आपल्याकडं ते काही काही महिन्यांत वाटून घ्यायची पद्धत पडली. २०१५ ते २०२० या एका मुदतीत अर्ध्या डझनाहून जास्त महापौर झाले. खुर्चीचा अंदाज येईस्तोवर राजीनाम्याची तारीख यायची.

सभागृहाच्या काळातला सगळ्यात मोठा डाग म्हणजे टोल. सुमारे ५० किलोमीटरच्या रस्त्यांचा २२० कोटींचा प्रकल्प आणि त्या बदल्यात ३० वर्षं टोल, हा करार २००८ चा. त्या वेळी प्रशासक नव्हता, निवडून आलेली माणसं होती. बहुतेकांना त्या कागदाचं वजन कळलं ते नाके उभे राहिल्यावर. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढं झाली, सर्वपक्षीय कृती समिती झाली, शहर रस्त्यावर उतरलं आणि २०१५ अखेर टोल रद्द झाल्याची घोषणा आली. ते वर्ष महापालिकेच्या निवडणुकीचंही होतं. योगायोग म्हणायचा तर म्हणा. माझ्या लेखी हे उदाहरण दोन्ही बाजूंना लागू पडतं. सभागृह झोपलं हे खरं. पण मत मागायला दारात येणारी माणसं होती, म्हणूनच तो राग कुठंतरी जाऊन आदळला हेही तितकंच खरं.

गतीचा मुद्दा मात्र मला फारसा पटत नाही. काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाइपलाइन घ्या. योजना सुरू झाली सभागृहाच्या काळात, पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं नोव्हेंबर २०२३ मध्ये, म्हणजे प्रशासकाच्या काळात. ५० किलोमीटरच्या वर लांबीची वाहिनी, वाटेत शेतजमिनी, वनखात्याच्या परवानग्या, धरणातली जॅकवेल (पाणी उपसायची विहीर). यातलं काहीच महासभेच्या गोंधळामुळं अडलेलं नव्हतं आणि सभागृह नाही म्हणून ते झपाट्यानं झालं असंही दिसलं नाही. हद्दवाढ तर त्याहून बोलकी. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच. प्रशासकाला अडवायला एकही नगरसेवक नव्हता, तरी त्याच्या पाच वर्षांत ती इंचभर सरकली नाही. कारण निर्णय मंत्रालयात होतो आणि शहराला लागून असलेल्या गावांची मतं तिथं मोजली जातात. थोडक्यात, सभागृह काढून घेतल्यानं राजकारण संपत नाही. ते मुंबईला जातं आणि आपल्याला दिसेनासं होतं.

आता ज्या एका गोष्टीनं माझं मत ठरलं, ती. तिला भ्रष्टाचारही म्हणता येणार नाही, दिरंगाईही नाही. ती आहे एकाच माणसाच्या दोन सह्या. प्रशासकाच्या काळात बहुतेक वेळ आयुक्त हेच प्रशासक असतात. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. अंदाजपत्रकही तसंच. एरवी आयुक्त ते स्थायीला सादर करतात, स्थायी फेरबदल करून महासभेला देते आणि महासभेत आपला प्रभाग सुटला म्हणून कुणीतरी आरडाओरडा करतो. तो आरडाओरडा कानाला गोड लागत नाही, पण फुलेवाडीच्या रस्त्याला किती आणि राजारामपुरीला किती, हे दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं ते त्याच्याचमुळं. प्रशासकाच्या काळात निर्णय झाल्याचं सामान्य माणसाला कळतं, ते बहुधा गल्लीच्या तोंडाला जेसीबी येऊन उभा राहिल्यावर.

मग विचारायचं कुठं? माहितीचा अधिकार आहे, हे मान्य. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज, उत्तराला ३० दिवस. उत्तर अर्धवट आलं की ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याच्या निकालाला ३० ते ४५ दिवस. तोवर रस्ता होऊन त्याला पहिला खड्डाही पडलेला असतो. शिवाय ते उत्तर एका घरच्या टपालात येतं. ‘ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी (बिघाड त्यानंच दुरुस्त करून द्यायची मुदत) किती, तो संपायच्या आत डांबर उखडलं असताना पालिकेच्या पैशातून पॅचवर्क का?’ हाच प्रश्न नगरसेवकानं लेखी दिला, तर शहर अभियंत्याला सगळ्यांसमोर उभं राहून बोलावं लागतं. उत्तर गुळमुळीत असलं तरी ते इतिवृत्तात जातं आणि पुढच्या सभेत तेच पान काढून पुन्हा विचारता येतं. माझ्या पाहण्यात, अधिकाऱ्याला तक्रारीच्या आकड्यापेक्षा हे पुन्हा उभं राहणं जास्त जड जातं. प्रत्येक नगरसेवक असा अभ्यास करतो असं मी म्हणत नाही. ८१ मध्ये असे आठ-दहा निघाले तरी पुष्कळ.

यावर कोल्हापुरात एक उत्तर ठरलेलं असतं. शाहू महाराजांना कुठं सभागृह लागलं? १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, सगळं हुकमानं. खरंय. पण महाराज १८९४ पासून १९२२ पर्यंत इथंच होते. घेतलेल्या निर्णयाचं बरंवाईट फळ त्यांच्याच दारात यायचं. प्रशासक कितीही खमक्या असो, एका बदलीच्या आदेशानं तो दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि नव्यानं आलेल्याला शहराची ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागते. चांगला मिळाला तर नशीब. वाईट मिळाला तर त्याला घालवण्याची कसलीच सोय आपल्या हातात नाही. संविधानानं निवडून आलेल्या सभागृहाला पाच वर्षांवर एक दिवस जास्त दिलेला नाही. नेमलेल्या कारभाराला मात्र आपल्याकडं त्याहून जास्त मुदत मिळून गेली!

तेव्हा ज्याला फक्त आपली फाइल लवकर हलायला हवी आहे, त्याला प्रशासक आवडणार आणि त्यात गैर काही नाही. घर, दुकान, पोरांची शाळा सगळं इथंच आहे त्यानं मात्र सभागृहाच्या बाजूनं झुकावं, असं मला वाटतं. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. पूर्वी एका प्रभागाचा एक नगरसेवक असायचा. आता २० प्रभाग, १९ मध्ये चार-चार आणि एकात पाच. गटार तुंबलं की चौघंही एकमेकांकडं बोट दाखवू शकतात. म्हणून तोंडी सांगू नका. एकच अर्ज चौघांच्या नावे लिहा, त्यात गल्लीचं नाव, बिघाड कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत आणि काम शेवटचं कधी झालं ते टाका. एक प्रत आपल्या विभागीय कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्या. महासभेचा अजेंडा नगरसेवकांकडं आधी पोचतो, तो मागून घ्या. आपला विषय त्यात नसेल, तर त्याच आवक क्रमांकासह लेखी प्रश्न टाकायला सांगा. चौघांपैकी कोण टाकतो, ते पाहून ठेवा.