सट्टा की पोस्टकार्ड: अमेरिकेचा प्रेसिडेंट आधी कोण ओळखायचं?

मला विचाराल तर मी डोळे झाकून सट्ट्यावर विश्वास ठेवला असता. 1900 नंतरच्या न्यूयॉर्कमध्ये ब्रॉड स्ट्रीटवर रस्त्यातच उभे राहून शेअर विकणारे दलाल निवडणुकीवरच्या पैजाही लावून द्यायचे, दोन्ही बाजूंचे पैसे स्वतःकडे ठेवायचे, कमिशन कापायचे, आणि आजचा भाव काय ते उद्याच्या पेपरात छापून यायचं. चुकले नाहीत असं नाही हं, 1916 ला भाव रिपब्लिकन उमेदवार ह्यूजच्या बाजूने होता आणि डेमोक्रॅट विल्सन जिंकला, पण ज्या राज्यावर निकाल अडला त्या कॅलिफोर्नियात फरक चार हजार मतांचाही नव्हता, म्हणजे तिथे कोणीही चुकलंच असतं.

दुसरीकडे लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाची, लोकांना मत कोणाला देणार ते विचारणारी पोस्टकार्डं. 1920 ते 1932 चारही वेळा बरोबर, लोकांना वाटलं हेच खरं. मग 1936 ला एक कोटी कार्डं पाठवली, तेवीस लाखांच्या आसपास परत आली, आणि सांगितलं काय तर रूझवेल्टच्या विरोधातला रिपब्लिकन लँडन जिंकणार! रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं घेतली. पत्ते टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या यादीतून काढलेले, मंदीत ज्याच्याकडे फोन नाही गाडी नाही त्याला विचारलंच कोणी? सट्टेवाले मात्र त्या वर्षीही रूझवेल्टच धरून होते.