कासव सुस्तावलंय: हीटर लावायचा की डॉक्टर गाठायचा?

डिसेंबरात टाकीतलं पाणी गार पडलं की कासव पाळणाऱ्यांना एकच घोर लागतो. खात नाही, दिवसभर ऊन खायच्या फळीवर चढून बसतंय; थंडीमुळे की आजारी पडलंय? थंडी असेल तर हीटरवर भागतं. आजार असेल तर वाट बघण्यात गेलेला एकेक दिवस महागात पडतो. (मी लिहितेय ते डोळ्यांमागे लाल पट्टा असलेल्या स्लायडरबद्दल. आपली देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ती घरी ठेवू नयेत.)

दोन्हींत वरवर दिसतं सारखंच, म्हणून आधी बसण्याची ढब बघा. ठणठणीत कासव ऊन खाताना मान बाहेर काढतं, मागचे पाय लांब ताणतं, बोटं पसरतं, आणि आपली चाहूल लागली की धपकन पाण्यात उडी घेतं. थंडीनं सुस्तावलेलं जरा सावकाश उतरतं, पण उतरतं. आजारी कासव हात जवळ नेला तरी हलत नाही. मान फळीवर टेकलेली, डोळे मिटलेले. फळीवरचा ऊब देणारा दिवा मालवल्यावरही ते रात्रभर वरच राहायला लागलं, तर ती मला सगळ्यात वाईट खूण वाटते.

मग पाण्यात बघा. गारठलेलं कासव तळाशी जाऊन पडतं, मधूनमधून श्वास घ्यायला वर येतं. तळाशी झोपणं ही त्याची नेहमीचीच रीत. न्यूमोनिया झालेल्याला मात्र बुडी मारणं कठीण जातं. ते तरंगत राहतं, बरेचदा एका कुशीवर कलून.

माझ्या कासवाच्या वेळी मी थंडीच समजून पाच दिवस थांबले. सहाव्या दिवशी अगदी जवळून बघितलं, तर प्रत्येक उच्छ्वासाला डाव्या नाकपुडीवर मोहरीएवढा बुडबुडा येत होता. पुढे इंजेक्शनांचा कोर्स करावा लागला, त्यातून ते सावरलं. पण ते पाच दिवस आजही मनाला लागतात. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, कलून पोहणं, सुजलेले डोळे: यातलं एकही दिसलं तर हीटरचा प्रयोग करत बसू नका, थेट डॉक्टर.

यातलं काहीच नसेल तर थर्मामीटर पाण्यात सोडा. पारा २० च्या आसपास असेल तर उत्तर बहुधा तिथंच आहे. दिवसभरात हळूहळू २५-२६ अंशांवर आणा, दिव्याखालची जागा ३२ च्या आसपास ठेवा. थंडीच असेल तर एक-दोन दिवसांत ते खायला मागतं. तोवर खाऊ घालू नका, गार अंगात अन्न पचत नाही. तीन दिवसांत फरक नाही, तर डॉक्टर.

‘थंडीत झोपू द्या त्याला’ हा सल्ला आपल्या घरांना लागू नाही. घरातलं १८-२० अंशांचं पाणी नीट शीतनिद्रेला पुरेसं गार नसतं आणि पचनाला पुरेसं ऊबदार नसतं. शिवाय गारठ्यानं प्रतिकारशक्ती घटते, म्हणजे आजची सुस्ती पुढच्या आठवड्यातला संसर्ग होऊ शकते. त्यामुळे डॉक्टरकडे गेलात तरी हीटर हवाच. आजारी कासव ऊब शोधतं ते बरं व्हायलाच. ‘फार बसतंय’ म्हणून दिवा बंद करू नका.

फळीवर येणंच कमी झालं असेल, तर बहुतेकदा दोष मांडणीत असतो: फळी निसरडी, दिवा फार तापलेला, नाहीतर पाणीच इतकं ऊबदार की वर यायची गरज नाही. गॅलरीच्या काचेतून येणारं ऊन हिशेबात धरू नका, कासवाला उन्हातून हवे असलेले अतिनील किरण काच बहुतांशी अडवते. मोठी मादी खाणं सोडून सैरभैर फिरत असेल, मागच्या पायांनी उकरत असेल, तर अंडी असू शकतात, घरात नर नसला तरी. तिला ओलसर मातीचा खोका द्या. अंडी अडल्याचा संशय आला तर एक्स-रे.

डॉक्टरकडे नेताना कासव पाण्यात नको, कोरड्या टॉवेलवर हवेशीर डब्यात न्या. आदल्या दिवशी ते पोहताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात ते मान आत ओढून बसतं आणि कलणं दिसत नाही.