जांभळा लोलक, साडेपाच महिन्यांनंतर: दगड ठीक, आकडा टाकाऊ

आकडा तुटला. मटक्याचा नव्हे, साखळीच्या टोकाला दगड अडकवायचा असतो तो. (लोलक म्हणजे साखळीला टांगलेला दगड. हातात धरून प्रश्न विचारायचा, एका दिशेने झुलला तर 'होय', दुसऱ्या दिशेने झुलला तर 'नाही'.) गणपतीच्या सुमारास ७४९ रुपयांना घेतलेली वस्तू शिमगासुद्धा बघू शकली नाही. तुटला तोही ओट्यापाशी. मी लोलक धरून "आजपासून दर वाढवू का" विचारत होते आणि दगड सरळ चाळीस डब्यांच्या आमटीत. त्या दिवशी गिऱ्हाइकांना पिठलं गेलं, आमटी आम्ही घरी दोन दिवस खाल्ली.

विकणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं की साखळी ही 'सोबतची वस्तू', तिला हमी नाही. मी म्हटलं, साखळीशिवाय लोलक म्हणजे खडाच ना? मग दुसऱ्या बाईंचा फोन: मॅडम, लोलक आपणहून तुटतो तेव्हा त्याने तुमच्या घरातली नकारात्मक ऊर्जा शोषलेली असते, शुभच आहे, नवीन घ्या, दहा टक्के सूट देते. पत्र्याच्या कडीचं टोक उघडं राहिलं होतं हो! झाळून न जोडता नुसतं वाकवून मिटवलेलं. माझ्या गळ्यातली वाटी बावीस वर्षं साध्या कडीवर लोंबते आहे, तिने काय कमी ऊर्जा शोषली असेल? शेवटी स्टेशनजवळच्या सोनाराकडून साठ रुपयांत जोडून घेतली. म्हणजे खरी किंमत ८०९.

आता वापराबद्दल. लोलक कसा धरायचा, कोणती दिशा 'होय', कोणती 'नाही' या बारकाव्यांत जात नाही. माझा डोंबिवलीत डब्यांचा व्यवसाय आहे आणि दिवसभर बारीकसारीक निर्णय घ्यावे लागतात. पोळ्यांना दुसरी बाई लावू का, फ्रीझर घेऊ का, नव्वदचा डबा शंभर करू का. पहिल्या महिन्यात मी खूश होते. चार तारे दिले असते. प्रश्न 'होय-नाही'त बसवायला लागतो, त्यामुळे तो आधी नीट करावा लागतो. "बाईचं काय करू" चालत नाही. "अमुक बाईला सकाळच्या चार तासांसाठी पुढच्या एक तारखेपासून ठेवू का" असं विचारावं लागतं. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. सोबत आलेला अर्धवर्तुळाचा तक्ता (कप्प्याकप्प्यांत उत्तरं छापलेला) मात्र निव्वळ कागदाची नासाडी. त्यावर 'विश्वाला विचारा' असाही एक कप्पा आहे. मग मी इतका वेळ कोणाला विचारत होते?

दोन महिन्यांनी माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. ३१ रात्री वहीत आधी माझा अंदाज लिहायचा (उद्या चाळीसच्या वर डबे जातील का), मग लोलकाला विचारायचं. लोलक आणि मी २९ वेळा एकच बोललो. वेगळं बोललो त्या दोन्ही रात्री मी बरोबर होते. माझे २३ बरोबर, त्याचे २१. आता माझे २३ का आले ते मला सांगता येतं: एकादशीला आणि संकष्टीला डबे घटतात, महिनाअखेरीस वाढतात, शुक्रवारी लोक बाहेर जेवतात. ती बारा वर्षांची सवय आहे, अंतर्ज्ञान म्हणा हवं तर. नंतर दहा रात्री डोळे मिटून विचारलं, मुलगा बघून लिहीत होता. सहा वेळा नुसता गोल फिरला. उरलेल्या चारांत दोन बरोबर. बरोबरच आहे, मला दिसत नव्हतं तर त्याला कसं दिसणार?

मुलगा अकरावी सायन्सला. आकडा तुटल्यावर त्याने बोल्टचा एक नट शिवणाच्या दोऱ्याला बांधून दिला आणि म्हणाला, आई, हे घे, पाच रुपये. झोक्याचा वेळ वजनावर नसतो, लांबीवर असतो. वीस सेंटिमीटरला साधारण ०.९ सेकंद. बोटं त्याच लयीत केसभर हलली तरी झोका वाढत जातो. झोपाळ्यावरच्या पोराला जसं वेळेवर एक बोट लावलं तरी पुरतं. नट तसाच 'होय' म्हणाला, तसाच 'नाही' म्हणाला. गवंड्याचा ओळंबासुद्धा चालला असता.

त्यानेच वाचून दाखवलं की शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी तपासलं होतं, आणि १८३३ मध्ये अँपिअरला लिहिलेल्या पत्रात छापलंही. हो, वीजवाला अँपिअर. दंडाखाली टेकू दिला तर झोका कमी होतो, टेकू बोटांकडे सरकवत नेला तसा आणखी कमी, आणि बोटंच टेकली की थांबतो. डोळे बांधले तरी तेच. मी डब्यांच्या चळतीवर मनगट टेकून बघितलं. मेला हलेचना. त्या दिवशी मनातल्या मनात एक ताऱ्यावर आले.

पण लिहायला बसल्यावर जानेवारीतली गोष्ट आठवली आणि एक तारा परत द्यावा लागतोय. एका ऑफिसचे रोजचे साठ डबे मिळत होते. वहीत मी 'होय' लिहिलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. लोलक 'नाही'. परत विचारलं, 'नाही'. मला राग आला, अक्षरशः दगडाचा राग. मग विचार केला की हात माझाच आहे तर तो कशाला घाबरलाय? तेव्हा लक्षात आलं की समोरचा माणूस मेन्यूवर अर्धा तास बोलला आणि पैसे कधी देणार यावर एकदाही नाही. फोन करून विचारलं. पंचेचाळीस दिवसांची उधारी! पंधरा दिवसांची रक्कम आधी मागितली, पुन्हा फोन आला नाही. (प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या रात्री एकूण सात वेळा विचारलं होतं आणि शेवटचे दोन 'होय' आले होते. मी थकले होते.)

ही सात वेळा विचारायची सोय हाच याचा खरा दोष, आकड्यानंतरचा. सासूबाई कुडाळकडच्या. त्यांच्या गावी देवळात कौल लावतात. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला चिकटवतो, गाऱ्हाणं घातलं जातं, जमलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पडली तर होकार. निवडणुकीला आपण 'जनतेचा कौल' म्हणतो तोच हा शब्द. विचारणारा पाकळीला हात लावत नाही. प्रश्न चारचौघांत मोठ्याने सांगावा लागतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी फिरवता येत नाही. माझा लोलक बघून त्या एवढंच म्हणाल्या, "अगो, आपल्याच हातात धरलेलो कौल आपल्याच मनासारखो पडतलो, नाय तर काय?" मी म्हटलं, आई, गुरव पाणी किती लावतो त्यावरही असेलच ना. त्या हसल्या. "म्हणान तर गुरवाक विचारल्याशिवाय कोण विचारता देवाक?"

आता मोठा निर्णय असला की मी रात्री जेवताना अहोंसमोर, मुलासमोर, सासूबाईंसमोर प्रश्न मोठ्याने सांगते. एकदाच. नट गॅसच्या वहीपाशी खिळ्याला टांगलेला आहे, कधीतरी हात काय म्हणतोय ते बघते. डबा शंभरचा केला. दोन गिऱ्हाइकं गेली, तीन आली.

दोन तारे. आकडा धड असता तर तीन.

कुणाला हवा असल्यास लोलक देणे आहे. दगडाला ओरखडा नाही, साबणाने धुतला आहे, आमटीचा वास येत नाही. कडी सोनाराने जोडलेली, म्हणजे नव्यापेक्षा मजबूत. तक्ता फुकट. चारशे रुपये, डोंबिवली पूर्वेला येऊन न्यावा. घासाघीस करू नये, साठ रुपये सोनारालाच गेलेत.